ओट्यावरची शेगडी, जमिनीवरची भाकरी

चूल, स्टोव्ह आणि गॅस या तिन्हींवर रांधलेलं खाऊन मोठी झालेली आमची पिढी. सोलापूरच्या पेठांमधल्या दोन-दोन खोल्यांत आम्ही वाढलो आणि गॅसची शेगडी घरात येताना डोळ्यांनी पाहिली. आमच्या धाकट्या भावंडांना ती भिंतीइतकीच जुनी वाटते. आम्हाला मात्र तिच्या आधीची सकाळ आठवते.

ती सकाळ भोंग्याची होती. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल; ज्याच्या त्याच्या घरात ज्याची त्याची पाळी. वडील पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा काका रात्रपाळीहून घरी यायचा आणि दुसऱ्या पाळीच्या माणसाला दुपारी गरम घास हवा असायचा. चूल एकदा पेटली की आईला सगळं एका दमात उरकावं लागे : भाकऱ्या, आमटी, दूध आणि मागच्या वैलावर आंघोळीचं पाणी. तुराट्या भडकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात, त्यामुळे एक हात कायम सरपणावर. भाकरी थापायची, तुराटी पुढं सारायची, फुंकणी मारायची, डोळे पुसायचे. काका अर्ध्या तासानं उशिरा आला तर त्याच्या वाट्याला कोमट आमटी, नाहीतर आईच्या वाट्याला पुन्हा स्टोव्ह.

त्या स्टोव्हची आम्हाला भीती वाटायची. पंप मारायचा, पिनेनं भोक साफ करायचं, रॉकेल उसळलं की मागं सरायचं. रेशनच्या रांगेत रॉकेलचा डबा धरून उभं राहणं हे आम्हा पोरांचं काम. आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांत दर काही दिवसांनी एक बातमी असायची : स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली. घरातल्या बायका ती वाचून एकमेकींकडे बघत आणि गप्प राहत, कारण प्रत्येक वेळी तो स्टोव्हचाच दोष नसतो हे त्यांना ठाऊक होतं. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आलं, त्याच्या मागे अशाच जळालेल्या सुना होत्या. गॅस आला म्हणून सासुरवास संपला नाही. पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातला रॉकेलचा डबा हलला, हे मला आजही मोठं वाटतं.

मुंबईकरांना गॅस आमच्या कितीतरी आधी मिळाला. बर्मा-शेलनं १९५५ साली तिथं 'बर्शेन' नावानं टाक्या द्यायला सुरुवात केली. इंडेनची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यात झाली. पुढं परदेशी तेल कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या आणि एचपी, भारत ही नावं घराघरांत गेली. बॉम्बे हायचा वायू उरणला येऊन त्यातून गॅस निघू लागल्यावर ऐंशीच्या दशकात टाक्यांची संख्या वाढली. तरी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. स्कूटर, फोन आणि गॅस या तिन्हींची तीच गत. खासदारांच्या वाट्याला काही जोडण्यांची कुपनं असत, त्यामुळे कुणाच्या ओळखीनं कुणाला गॅस मिळाला याची चर्चा गल्लीत रंगायची. मुलगी बघायला आलेल्यांकडून 'आमच्याकडं गॅस आहे' हे मुद्दाम सांगितलं जाई, आणि मुलीच्या आईचा चेहरा ते ऐकून खरोखर उजळे. आपल्या लेकीला धुरात बसावं लागणार नाही, एवढंच तिला हवं असायचं.

नंबर लागला की पहिली अडचण ओट्याची. टाकी जमिनीवर उभी आणि शेगडी तिच्यापेक्षा उंचावर, असा नियम. आमचं स्वयंपाकघर सगळं जमिनीवरचं होतं. पाट, परात, पाट्याखालचं पोतं, सगळं बसून हाताशी येईल असं. भाड्याच्या खोलीत ओटा बांधायचा तर घरमालकाची परवानगी हवी. कुणी लाकडी टेबलावर पत्रा ठोकला, कुणी विटांच्या दोन भिंती रचून वर शहाबादी फरशी टाकली. आमच्याकडे फरशीच होती. फिटर आला तेव्हा आजी म्हणाली, "खालीच ठेव की बाबा. उभ्यानं कोन रांधतंय?"

"आजी, शेगडी टाकीच्या वरच पायजे. खाली ठिवली तर मी जोडून देनार न्हाई."

त्यानं टाकीच्या तोंडावरचं दोरीला बांधलेलं झाकण काढलं, आतला रबरी वॉशर बोटानं चाचपला, रेग्युलेटर दाबून बसवला, नळी दोन्हीकडं घट्ट केली आणि आईकडून साबणाचा फेस मागितला. नळीच्या सांध्यांवर फेस लावून त्यावर बुडबुडा येतो का ते तो बघत राहिला. आम्ही सगळे त्याच्यामागं वाकून बघत राहिलो. मग आईला सांगितलं : आधी काडी ओढायची, मग बटण फिरवायचं, उलटं कधी नाही. वास आला तर खिडकी-दार उघडायचं, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो, हेही त्यानंच सांगितलं. आजीची शंका तिथंच होती. असला घाण वास येणारी वस्तू सोवळ्यात कशी चालायची? आईनं शेगडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दूध उतू घालवलं. पुढचे काही महिने देवाचा नैवेद्य मात्र आजीच्या चुलीवरच शिजला.

आईला सर्वांत आधी काय आवडलं असेल, तर जाळ विझवता येतो हे. रांधून झालं, बटण फिरवलं, संपलं. पुन्हा हवा, पुन्हा काडी. दुपारी तीनला पाहुणा आला तर चहाला चूल नको, पंप नको. काका कधीही येवो, आमटी पुन्हा गरम होई. तिचा दिवस चुलीनं बांधलेला होता, तो सुटला. गॅसमुळे वेळ वाचतो असं जाहिराती सांगायच्या. माझ्या मते वाचलेल्या वेळेपेक्षा हे सुटणं मोठं होतं. पातेल्यांची बुडं काळी होईनात. आधी बुडाला राख-माती फासून भांडं चुलीवर चढवायचं आणि नंतर नारळाच्या शेंडीनं घासघास घासायचं, ते गेलं. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं होतं, ते आता आईच्या हाती जास्त दिसू लागलं, कारण मंद आच ठेवायची तर बटण होतं. कुकरच्या शिट्या मोजायला आम्हा पोरांना बसवलं जाई.

भाकरीचं मात्र वेगळं झालं. आमच्याकडं ज्वारी मालदांडी, मंगळवेढ्याकडची. तिची भाकरी थापताना जोर खांद्यातून यावा लागतो. पाटावर बसलं की अंगाचा भार तळव्यावर आपसूक येतो. उंच ओट्याशी उभं राहून थापायला गेलं की मनगटं भरून येतात आणि भाकरी मधे जाड, कडेला पातळ होते. म्हणून आई खाली बसून थापायची, थापलेली भाकरी दोन्ही तळव्यांवर उचलून उठायची, तव्यावर टाकायची, वरून पाणी फिरवायची आणि पुन्हा खाली बसायची. सगळ्या घराच्या भाकऱ्या होईपर्यंत ही ऊठबस चालायची. तिचे गुडघे त्यात गेले असं ती म्हणते, आणि मला ते पटतं.

भाजण्याची तऱ्हाही बदलली. चुलीवर तव्यावरून काढलेली भाकरी आरासमोर उभी केली की हलकेच टम्म फुगायची. गॅसवर तवा बाजूला करून ती सरळ जाळावर धरावी लागे. कडा करपायच्या, पीठ बर्नरच्या भोकांत पडायचं आणि निळा जाळ पिवळा होऊन भांडी काजळायची. मग जुनी स्टोव्हची पिन पुन्हा बाहेर निघे. नंतर बाजारात तारेची जाळी आली. अलीकडं भावानं घर बांधलं तेव्हा वहिनीनं गवंड्याला समोर उभं केलं, परात ठेवून हात टेकवून दाखवला आणि ओटा चार बोटं खाली घ्यायला लावला. हे तिनं फार योग्य केलं. ओटा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या उंचीचा असावा, हे आमच्या आयांना कुणी विचारलंच नव्हतं.

गॅस आम्ही पुरवून वापरला. टाकी लावली की आई 'कालनिर्णय'वर त्या तारखेच्या चौकोनात खूण करायची. १४.२ किलोची टाकी किती दिवस गेली, मागच्या वेळी किती, याचा हिशेब तिच्या तोंडी असे. डाळ भिजवूनच शिजवायची, पातेल्यावर झाकण हवंच, अंघोळीचं पाणी बंबातच. जाळ बारीक झाला की काही घरांत टाकी आडवी करत, हलवत, तळाशी गरम पाणी ओतत. धोक्याचं होतं ते, पण दुसरी टाकी यायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसायचा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडं जायचा आणि जाळ हलू नये म्हणून पंखा बंद. चुलीचा धूर गेला तरी सोलापूरच्या मे महिन्यात ओट्यापुढं उभं राहणं सोपं नव्हतं.

टाकी संपायची ती नेमकी गड्ड्याच्या यात्रेत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला गावोगावचे पाहुणे घरी उतरलेले, भोगीची भाजी, बाजरीची तीळ लावलेली भाकरी, आणि जाळ फुरफुरून विझायचा. मग भिंतीपलीकडच्या अक्काकडं धावायचं. त्या पद्मशाली, घरात तेलुगू बोलणाऱ्या, मागावर चादरी विणणारं घर. त्यांच्या पलीकडं कन्नड बोलणाऱ्या अव्वा. कुणाची टाकी इंडेनची, कुणाची भारतची. एजन्सी आपल्याच कंपनीची रिकामी टाकी घ्यायची, म्हणून कुठली टाकी कुणाची याकडं लक्ष ठेवावं लागे. "ने गं, तुझी आली की दे," एवढ्यावर व्यवहार व्हायचा. ज्या अक्का पाण्याच्या हंड्यावरून आईशी भांडत, त्यांनी टाकीला कधी नाही म्हटलं नाही. सायकलला दोन्ही बाजूंनी टाक्या अडकवून येणारा माणूस गल्लीच्या तोंडाशी दिसला की तिन्ही घरांतल्या बायका बाहेर येत.

रात्री निजताना "रेग्युलेटर बंद केला का?" हा प्रश्न आमच्या प्रत्येकाच्या घरी होता. माझ्या मुलीलाही ती सवय लागली आहे.

परसातली चूल अनेक घरांत राहिली ती कडक भाकरीसाठी. पातळ थापलेली भाकरी तव्यावरून काढून आराच्या उबेला तासन्‌तास उभी ठेवली की तिच्यातला ओलावा हळूहळू निघून जातो आणि ती पापडासारखी कडाडते. शेंगांच्या चटणीबरोबर ती प्रवासात दिवसेंदिवस टिकते. गॅसवर ती होते, पण तेवढा गॅस जाळणं आईला पटायचं नाही. निवत चाललेला विस्तव तिथं फुकट राबायचा.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जोडणी घरातल्या बाईच्या नावावर आली. मोहोळ-अक्कलकोटकडच्या नात्यातल्या घरांत मी जातो तेव्हा ओट्यावर शेगडी असते, चहा तिच्यावर होतो, भाकरी बाहेर चुलीवर. आमच्या घरी ऐंशी साली कडक भाकरीपुरती जी वाटणी होती, तीच. चव हे कारण सांगितलं जातं, पण खोदून विचारलं की भरलेल्या टाकीच्या पैशाची गोष्ट निघते. तुराट्या तर शेतातच पडलेल्या असतात. त्या चुलीपुढं बसणाऱ्या बाईचा खोकला मी ओळखतो. आईचा तसाच होता. त्या बाईला टाकी परवडेल अशा किमतीत मिळायला हवी, आणि भाकरी चुलीवरच करायची असेल तर त्या चुलीला धुराडं हवं. दोन्ही गोष्टी तिच्या घरात एकाच वेळी असायला काहीच हरकत नाही.