मोहाचा लाडू

विद्यार्थिमित्रहो, वार्षिक अंकात शिक्षकाने लिहावयाचे म्हणजे काही उपदेश करावयाचा, असा समज रूढ आहे. या खेपेस आम्ही उपदेश बाजूस ठेवून आमच्याच एका चुकीची हकिकत सांगणार आहोत. चूक एका लाडवाविषयीची आहे. तथापि तिचा संबंध आपणा सर्वांच्या रोजच्या ताटाशी असल्यामुळे पालकांनीही ती वाचावी, अशी विनंती आहे.

उन्हाळ्याची सुटी संपून शाळा भरली, त्या दिवसांतील ही गोष्ट. नवेगाव बांधकडील एक मुलगा वसतिगृहात राहून आमच्या वर्गात शिकतो. त्याने घरून आणलेली एक पुडी आदराने आमच्या टेबलावर ठेविली व म्हणाला, "गुरुजी, आजीने तुमच्यासाठी दिले." आत काळसर रंगाचे चार लाडू होते, आणि त्यांस मोहाच्या फुलांचा उग्र गोड वास येत होता. मद्यपाननिषेधाचे धडे आम्ही लहानपणापासून गिरविलेले. वास येताच आमच्या तोंडून निघून गेले, "अरे, हे दारूचे फूल शाळेत कशाला आणलेस?" वर्ग खो खो हसला. मुलाने पुडी गुंडाळली व तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. पुढे कित्येक दिवस मुले त्यास 'मोहफूल' म्हणून हाक मारीत, आणि वसतिगृहात तो घरच्या खाण्याचे नावही काढीनासा झाला, हे आम्हांस मागाहून कळले.

याच सुमारास आमच्या घरी निराळीच चिंता होती. आमची धाकटी कन्या, वय वर्षे अकरा, पांढरा भात, बटाटा, बिस्किटे व चहा यांपलीकडे जावयास तयार नसे. इतर काही ताटात पडले की ती नाक मुरडून ताट सरकवी, आणि आम्हीही 'उपाशी तरी नको' म्हणून तिचे चालू देत असू. पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून रक्तक्षयाचे निदान केले, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि विचारले, "ही आठवड्यात किती निरनिराळे पदार्थ खाते?" आम्ही बोटे मोजू लागलो, दुसऱ्या हातावर जाण्याची पाळी आली नाही. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांनी रक्त भरेल, पण ताट असेच राहिले तर तुम्ही पुन्हा याल."

यात भाताचा दोष नाही. दोष आहे तो केवळ पांढऱ्या भातावर राहण्याचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरांनी पाहिले की, पॉलिश केलेल्या तांदळावर ठेविलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या रोगाने लुळ्या पडतात, आणि कोंड्यासहित तांदूळ मिळताच बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. आपल्या देशातही १९१८ साली मॅकॅरिसन यांनी कुन्नूर येथे याच रोगाच्या शोधासाठी एक छोटी शाखा उघडली. तीच वाढून आज हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली आहे. कोणत्याही एकाच अन्नात सर्व काही नसते, हा यातला धडा आम्ही वर्गात अनेकदा शिकविला होता. घरी मात्र तो उघडून पाहिला नव्हता.

असो. दिवाळीच्या सुटीत मुलीस जरा मोकळी हवा मिळावी म्हणून आम्ही तिला नवेगाव बांधचा तलाव दाखवावयास नेले. हा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे सांगतात. भोवतालचे रान १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. हिवाळी पाखरे नुकतीच येऊ लागली होती. गावात त्या विद्यार्थ्याचे वडील भेटले व आग्रहाने घरी जेवावयास घेऊन गेले. मुलगा दारात उभा होता. त्याने नमस्कार केला. पण आमच्या डोळ्यांस डोळा दिला नाही.

पानात उकड्या तांदळाचा भात, तलावातील लहान मासळी, कोचईच्या पानांची वडी, मुनग्याच्या कोवळ्या पानांची भाजी, जवसाची चटणी, आणि एका परडीत उकडलेले काळे शिंगाडे असे वाढलेले होते. यातील एकही वस्तू दुकानातून आणिलेली नव्हती. आमच्या कन्येने शिंगाड्याकडे बोट दाखवून विचारले, "हे काय?" मुलाने काही न बोलता एक शिंगाडा सोलला आणि आतला पांढरा गर तिच्या हातावर ठेविला. तिने तो चाखला, मग दुसरा मागितला, आणि पाहता पाहता तिच्यापुढे सालींचा ढीग झाला.

"हे काय?" हाच प्रश्न रानात इस्राएल लोकांनीही सकाळी भूमीवर पडलेले अन्न पाहून विचारला होता, आणि मान्ना हे नाव त्यावरूनच पडले, असे निर्गमाच्या पुस्तकातून कळते. चैत्रात मोहाची फुलेही अशीच पहाटे झाडाखाली पडतात व बायामुले ती वेचतात. हे आमच्या मनात येते तोच आजीने तोच लाडू आमच्या पानात ठेविला. आम्ही क्षणभर थबकलो. ती म्हणाली, "गुरुजी, झाडानं तं फूलच देल्लं, दारू तं माणसानं केली." वाळविलेली फुले निवडून, भाजून, तिळाबरोबर कुटून तो लाडू केला होता. आम्ही तो खाल्ला. तो खरोखर गोड होता, आणि घशाखाली उतरताना जड गेला, तो त्याच्या चवीमुळे नव्हे.

पालकहो, ताट रुंद करण्यास फार द्रव्य लागत नाही, हे आम्ही त्या घरी शिकलो. मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, पाने पुष्कळांच्या परसात फुकट गळून जातात. त्यांत लोह व चुना दोन्ही आहेत. भाजीतील लोह अंगी लागावे म्हणून जेवणात लिंबू किंवा आवळा असावा, आणि चहा जेवणाबरोबर घेऊ नये. लहान मासळी काट्यासकट खाल्ली म्हणजे हाडांस बळ येते. उकड्या तांदळात पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळाहून जीवनसत्त्वे अधिक राहतात. शिंगाडे धुऊन उकडूनच खावे. तलावातले कच्चे शिंगाडे दातांनी सोलू नयेत. कोचईस चिंच लावावी, नाहीतर घसा खाजतो. मोहफुलात साखर पुष्कळ असते, तेव्हा लाडू एखादाच पुरे. रानभाजी मात्र जाणत्याने ओळखलेलीच घ्यावी, आणि अनोळखी भूछत्रास तर हातही लावू नये. मुलांवर सक्ती करू नये. ओळखीच्या अन्नाशेजारी नवा पदार्थ घासभर वाढावा व स्वतः आवडीने खावा. मूल तो आठ-दहा वेळा नाकारील. तरी पुन्हा वाढावा.

आमच्या मुलीने गोळ्या नियमाने घेतल्या, आणि आज ती एकवीस पदार्थ खाते. यादी तिनेच भिंतीवर लाविली आहे. आता जिना ती न थांबता चढते.

अपमान भर वर्गात झाला होता, म्हणून सुटीनंतर क्षमाही आम्ही भर वर्गातच मागितली. मुलगा उभा राहिला, लाजला, आणि खाली बसला. आम्हांस वाटले, उशीर झाला. पण पुढल्या सोमवारी तो एक डबा घेऊन आला. आत लाडू नऊ, आणि वर्गात मुले बेचाळीस. तुकडे करून वाटता वाटता आमच्या वाट्यास डब्याच्या तळचा चुरा तेवढा आला. तो आम्ही बोटाने पुसून खाल्ला.