आंस आणि हांकणारा

आमच्या चिरंजिवांस वेगवान मोटारीची हौस. एंजिनाची शक्ति त्यांनीं वाढवून घेतली. ती चाकांपर्यंत पोंचविणारा दांडा मात्र मूळचाच राहिला. गेल्या पावसाळ्यांत जळगांवाहून अजिंठ्यास परततांना, फर्दापुरावरील घाटांत ऐन वळणावर त्यांनीं वेग वाढविला आणि दांड्याचा सांधा तुटला. एंजिन गर्जत होतें, पण गाडी मागें घसरूं लागली. सूनबाईंनीं नातवाला पोटाशीं धरलें. ब्रेक शाबूत होते म्हणून वांचलों.

चिरंजिवांनीं लागलीच क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा बळकट दांडा मागवावयाचें ठरविलें. मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, दांडा न तुटला तर तोच ताण गियरबॉक्सवर जाईल. शिवाय हें पाहा, सांध्याचें रबर फाटून ग्रीस केव्हांच गळून गेलें आहे.”

आम्हांस चरकसंहितेचें विमानस्थान आठवलें. तेथें आयुष्यास गाडीच्या अक्षाची उपमा दिली आहे. उत्तम अक्षहि अतिभारानें, विषम मार्गानें, हांकणाऱ्याच्या दोषानें व वंगणाच्या अभावीं अकालीं मोडतो. बळकट दांडा भार तेवढा सोशील. बाकीचे दोष पैसे देऊन टळत नाहींत.

अखेर चिरंजिवांनीं मूळच्याच जातीचा नवा दांडा बसविला आणि एंजिनाची शक्ति पूर्ववत् केली. आतां घाट ते सावकाश चढतात; नातू मागच्या बाकावर झोंपीं जातो.