पत्रं आपल्या घरात हवीत

‘ईमेलसाठी वेगळं सॉफ्टवेअर कशाला? ब्राउझरमध्ये उघडतंच की,’ असं मला जवळजवळ प्रत्येकानं ऐकवलं. ज्यांच्या टपालात ओटीपी आणि विजेचं बिल एवढंच येतं, त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. मी घरी बसून भाषांतरं करते. लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, प्रकाशकांचे करार, प्रुफांवरच्या शंका आणि त्यांची उत्तरं, सगळं माझ्या ईमेलमध्येच आहे. ‘या वाक्याचा अर्थ असा घ्या’ म्हणून लेखकानं कधीकाळी लिहिलेलं पत्र दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी नेमकं लागतं, आणि त्या वेळी इंटरनेट चालू असेलच असं नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो. लॅपटॉपची बॅटरी मात्र पुढे दोन-तीन तास चालते. ते दोन-तीन तास मला हवे असतात.

संगणकासोबत आलेलं मेलचं अ‍ॅप मी वर्षानुवर्षं वापरत होते. २०२४च्या अखेरीस ते बंद झालं. त्याच्या जागी जे आलं, त्याच्या फुकट आवृत्तीत पत्रांच्या यादीतच जाहिराती दिसायला लागल्या. त्याच सुमारास दुसरीकडून सूचना येऊ लागली, की तुमची जागा संपत आली आहे. जीमेलच्या खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण त्यात ड्राइव्ह आणि फोटोही मोजले जातात. घरातल्या लग्नाचे फोटो आणि माझे करार एकाच कपाटात कोंबलेले होते म्हणा ना. जास्त जागा हवी तर दरमहा पैसे भरा, आणि एकदा भरायला लागलात की थांबता येत नाही, कारण पत्रं तिथेच असतात.

राजारामपुरीतल्या ज्या दुकानात मी संगणक दुरुस्तीला देते, तिथल्या मुलानं लगेच उपाय सांगितला. ‘काकू, कशाला डोक्याला ताप करून घेताय? अख्खं ऑफिस टाकून देतो, त्यात आउटलुक येतंय. कॉपी हाय माझ्याकडं.’ मी नको म्हटलं. भाषांतराचे हक्क, मानधन, परवानगी यांवर माझं पोट चालतं. दुसऱ्याचं काम चोरून माझ्या टेबलावर मला नको. शिवाय अशा प्रतीबरोबर आणखी काय काय येतं ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळे पासवर्ड ज्याच्या हाती द्यायचे त्या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर हा धोका कुणीच घेऊ नये. विकतचं घ्यायचं तर वर्षाला काही हजारांची वर्गणी. एकरकमी मिळणारा जो स्वस्त घरगुती संच होता, ‘होम अँड स्टुडंट’, त्यात आउटलुक नसायचंच. हे बऱ्याच जणांना पैसे भरल्यावर कळलं.

मग मी पर्याय बघत बसले. ईएम क्लायंट दिसायला देखणं आहे, पण त्याची फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरती आणि दोनच खात्यांसाठी आहे. माझी खाती तीन, आणि वापर व्यवसायाचा. न्यूझीलंडच्या डेव्हिड हॅरिस यांनी १९९० पासून सांभाळलेलं पेगासस मेल आजही फुकट मिळतं. त्याची चिकाटी मला मनापासून आवडली, पण त्याची जुनी मांडणी माझ्या हाताला बसली नाही.

या शोधात युडोरा या जुन्या ईमेल सॉफ्टवेअरची हकिगत समजली आणि माझी कसोटीच बदलली. स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये इलिनॉय विद्यापीठात ते लिहिलं आणि युडोरा वेल्टी या लेखिकेचं नाव त्याला दिलं, कारण टपाल कचेरीत राहायला गेलेल्या मुलीची तिची एक कथा आहे. डायल-अपच्या काळात, जेव्हा फोनचं बिल मिनिटागणिक वाढायचं, तेव्हा लोक जोडणी करून पत्रं उतरवून घेत, फोन तोडत आणि सावकाश वाचत. नंतर ते क्वालकॉमकडे गेलं, अतिशय लोकप्रिय झालं, आणि २००६ मध्ये कंपनीनं त्याचं काम थांबवलं. म्हणजे सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, एक दिवस संपू शकतं. तेव्हा माझी पत्रं दुसरीकडे नेता येतील का, हे किमतीच्या आधी विचारायला हवं. फुकट मिळालेलं, पण ज्यातून पत्रं बाहेर काढता येत नाहीत, असं सॉफ्टवेअर सगळ्यांत महाग.

या कसोटीवर थंडरबर्ड उतरलं. मोझिलाच्या घरातलं, २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. फुकट आहे, त्याचा स्रोत खुला आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांतून निघतो. ते पत्रं एमबॉक्स या जुन्या, खुल्या स्वरूपात ठेवतं, जे इतर कितीतरी प्रोग्रॅमना वाचता येतं.

बसवणं सोपं निघालं. नाव आणि पत्ता टाकला की बहुतेक सेवांची सर्व्हरची माहिती ते स्वतःच शोधतं. जीमेलसाठी गूगलचीच खिडकी उघडते आणि परवानगी तिथे द्यायची असते, त्यामुळे पासवर्ड थंडरबर्डकडे राहत नाही. पुढे आयमॅप की पॉप, हे ठरवायचं. आयमॅपमध्ये पत्रं सर्व्हरवरच राहतात आणि फोनवरही तशीच दिसतात. पॉपमध्ये ती घरी उतरतात आणि, आपण वेगळं सांगितलं नाही तर, तिथून जातात. मी आयमॅप घेतलं. चालू वर्षाची पत्रं सर्व्हरवर ठेवली आणि जुनी वर्षं एकेक करून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये, म्हणजे माझ्याच डिस्कवर, हलवली. माझा संगणक जुना, त्यात मेमरी बेताची, त्यामुळे पहिल्यांदा सगळं उतरायला फार वेळ लागला. ते रात्री लावून झोपावं हे उत्तम. हलवल्यानंतर सर्व्हरवर, ट्रॅशमध्ये किंवा इतरत्र, प्रत उरली असेल तर ती काढून टाकावी लागते, नाहीतर जागा सुटत नाही. मात्र ती काढण्याआधी घरची प्रत उघडून पाहावी, जोडलेल्या फाइलींसकट.

आणि त्या घरच्या प्रतीचीही प्रत हवी. लोकल फोल्डर्समधलं पत्र सर्व्हरवर नसतं. डिस्क गेली की तेही गेलं. थंडरबर्डचं सगळं सामान ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असतं. प्रोग्रॅम बंद करून तो फोल्डर बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवला की काम झालं. मी ते प्रत्येक पुस्तक हातावेगळं केल्यावर करते.

एका गोष्टीवर मात्र कोणत्याही ईमेल सॉफ्टवेअरकडे इलाज नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण जे जे जुन्या मराठी फाँटमध्ये लिहिलं, ते आज रोमन अक्षरांची खिचडी होऊन समोर येतं. माझ्या काही ज्येष्ठ लेखकांची पत्रं तशी आहेत. ती मी एकेक करून परिवर्तकातून काढते आहे, आणि तो फाँट हार्डडिस्कवर जपून ठेवला आहे. हे काम मला कंटाळवाणं वाटत नाही; त्या पत्रांमध्ये माणसं आहेत, त्यांतली काही आता नाहीत.

एकही रुपया न भरता माझं काम झालं. नंतर मी थोडी देणगी पाठवली, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी पाठवावी असं मला वाटतं. तुमच्या खात्यातही कामाची किंवा जिव्हाळ्याची पत्रं असतील, तर ‘जागा संपली’ची सूचना येण्याची वाट पाहू नका. येत्या रविवारी निदान सगळ्यांत जुनं एक वर्ष घरी उतरवून घ्या.