मु. पो. माळरान

मे महिना संपत आला की गावातल्या पोरांच्या स्टेटसवर भंडारदरा दिसायला लागतो. काजवे, तलावाच्या काठाला ओळीनं लावलेले रंगीत तंबू, शेकोटी, कुणाच्या तरी हातात गिटार. मग पवना, मग तापोळा. माणशी हजारापासून दोन हजारापर्यंत दर, त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे. यंदा आपल्याच मैंदर्गीच्या चार-पाच पोरांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, तुम्ही पत्रकार. सगळीकडं फिरता. फुकटात तंबू टाकून राहता येईल असं एखादं ठिकाण सांगा की. पाणी पाहिजे, जंगल पाहिजे आणि कुणी हाकललं नाही पाहिजे."

पहिल्या दोन अटी सोप्या आहेत. तिसरी अवघड आहे, आणि तिच्यासाठीच ही पोस्ट लिहितोय. थोडी मोठी झाली आहे, पण सवडीनं वाचा.

आधी कायद्याचं बघू. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ सालचं. त्याच्या तलावाभोवतालचं बरंचसं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. अभयारण्यात शिरायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणं परवाना लागतो. साधं राखीव जंगल असलं तरी भारतीय वन अधिनियम, १९२७ आहेच. परवानगीशिवाय आत जाणं, विस्तव पेटवणं, जनावरं चारणं, सगळं त्याच्या २६ व्या कलमात बसतं. वासोट्याला जाणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. बामणोलीत वनखात्याचा परवाना काढायचा, बोटीनं पलीकडं जायचं, गड चढायचा आणि दिवस मावळायच्या आत परत फिरायचं. वर मुक्काम नाही. धरणाच्या काठची जमीन बहुतेक जलसंपदा खात्याची. म्हणून स्टेटसवर दिसणारे तंबू बऱ्याच ठिकाणी कुणाच्या तरी मालकीच्या रानात असतात आणि म्हणूनच पैसे पडतात. जंगलातल्या रस्त्याकडेला गाडी लावली, तंबू ठोकला आणि झोपलो, असं आपल्याकडं कायद्यात कुठं बसत नाही.

या बंदीची कारणं खोटी नाहीत. फेब्रुवारी-मार्चमधल्या वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते. धरणात बुडाल्याच्या बातम्या मी स्वतः टाईप केलेल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी पार्टीनंतरच्या होत्या. काजवा लुकलुकतो तो जोडीदाराला खूण म्हणून. तिथं शंभर मोबाईलचे टॉर्च लागले तर त्याची खूण दिसणार कशी?

पण बंदी हा एकच उपाय असतो का? नॉर्वे देशात १९५७ पासून कायदा आहे. मोकळ्या रानात कुणीही तंबू टाकू शकतो, फुकट. अट एवढीच की राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं आणि एका जागी परवानगीशिवाय दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं नाही. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलाजवळ उघडा विस्तव चालत नाही. अमेरिकेत सरकारी वनांमध्ये साधारण चौदा दिवसांपर्यंत असा मुक्काम चालतो, फक्त पाण्यापासून आणि रस्त्यापासून किती लांब राहायचं ते ठरलेलं असतं. स्कॉटलंडनं २००३ च्या कायद्यानं हा हक्क दिला. पुढं लॉक लोमंड तलावाच्या काठावर गर्दी आणि घाण फार झाली, तेव्हा २०१७ पासून तिथल्या काही पट्ट्यांत मार्च ते सप्टेंबर परवाना लावला. बाकीच्या देशातला हक्क मात्र तसाच ठेवला. म्हणजे हक्क आधी, मग नियम, आणि गर्दी झाली तर तेवढ्या जागेपुरता परवाना.

आता कुणी म्हणेल, ते श्रीमंत देश, आपल्याला ते कुठून परवडायचं? तर मला आठवण करून द्यायची आहे की ही रीत आपल्याकडं होती. या मैंदर्गीच्या शिवारात होती. तिला कॅम्पिंग म्हणत नव्हते, एवढंच.

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे उतरायचे. पुढं घोडी, घोडीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेली कोंबडी आणि एखादं लेकरू, मागं दोन-तीनशे मेंढरं. आमचे अण्णा वाड्यावर जाऊन म्हणायचे, "मामा, यंदा दोन रात्री आमच्या रानात बसवा की." रात्रीच्या हिशेबानं ज्वारी ठरायची. संध्याकाळी रानात वाघर लावून मेंढरं आत कोंडायची, एका बाजूला तीन दगडांची चूल मांडायची, घोंगडी अंथरायची. दोन रात्रींत रानाला खत मिळायचं. सकाळी वाडा हलला की मागं राख, तीन काळे दगड आणि लेंड्या. दुसरा कचरा नाही. आपला भाग सीमेवरचा, त्यामुळं भाषा अर्धी मराठी, अर्धी कानडी. वाड्यावरची म्हातारी येणाऱ्याला आधी "ऊटा आतेन्री?" म्हणजे जेवलात का, असं विचारायची. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही तो छप्परवाल्याला जेवण विचारतोय, यात तेव्हा कुणाला नवल वाटत नव्हतं.

वाडे एकटे नव्हते. अक्कलकोटहून गाणगापूरला पायी निघालेले भक्त देवळाच्या ओवरीत नाहीतर झाडाखाली पथारी टाकायचे. ऊसतोडवाल्यांच्या कोप्या फडाच्या कडेला पाच-पाच महिने असायच्या, अजूनही असतात. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात सांगोला-मंगळवेढ्याकडं चारा छावण्या लागल्या, तेव्हा घरदार सोडून माणसं जनावरांपाशी झोपली. वाडा, पाल, कोपी, छावणी, तळ, पथारी. उघड्यावर रात्र काढायला आपल्या भाषेत किती शब्द आहेत बघा. पत्त्यातसुद्धा आपण "मु. पो. मैंदर्गी" लिहितो. मु. म्हणजे मुक्काम. आपण सगळेच कधीतरी कुठूनतरी येऊन इथं मुक्कामाला थांबलो, असंच तो पत्ता सांगतो.

मग हे आटलं कशानं? बोअर पडले, ऊस वाढला, रान बारा महिने ओलं राहायला लागलं, त्यामुळं मेंढरं बसवायला मोकळं रान उरलं नाही. गायरानं आक्रसली. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सांगितलं, तरी गायरान दरवर्षी थोडं थोडं कमीच होत असतं. वनखात्याच्या तुकड्यांभोवती चर खणले. त्यातली काही राखण गरजेची होती. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं, ते नसतं तर माळ काय असतो हे आपल्या नातवंडांना चित्रातच दाखवावं लागलं असतं. पण वाडा गेला कुठं, हे कुणी विचारलं नाही. तो रस्त्याच्या कडेला आला. रात्री भरधाव गाडी कळपात घुसल्याच्या बातम्या येतात त्या यामुळं.

तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत आपल्या तालुक्यातल्या एका तलावाच्या काठावर वाडा उतरला होता. दोन बिऱ्हाडं, एक बाई बाळंत होऊन महिना झालेली. रात्री नऊला त्यांना तिथून उठवलं. मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा चुलीचे दगड तिथंच होते, विस्तव पाण्यानं विझवलेला. त्यानंतर महिनाभरानं त्याच काठावर शहरातल्या तीन गाड्या लागल्या. तंबू, स्पीकर, केक, पहाटेपर्यंत नाच. सकाळी काचा आणि थर्माकोल. मी तिथल्या राखणदाराला विचारलं, "यांना कसं काय राहू दिलं?" तो म्हणाला, "साहेब, हे एका रात्रीचे पावणे. ते लोक एकदा बसले की हलत नाहीत." ज्यांचं सगळं आयुष्य हलण्यात जातं, त्यांच्याबद्दल तो हे बोलत होता! त्याच्यावर माझा राग नाही. तो सगळ्या गावाच्या मनातलं बोलला.

हे मनात कुठून आलं, तेही सांगतो. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, पुढं तो मुंबई इलाख्यालाही लागला. अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. रोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर मुक्काम नाही. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंटच होती. सोलापूरकर तो शब्द वस्तीच्या नावात आजही वापरतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण गावाबाहेर पाल दिसलं की अजून आपल्या मनात पहिला शब्द येतो तो चोर.

आणि या शब्दानं माणसं मरतात. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आठवडी बाजारात गेले होते. पोरं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. जमावानं पाचही जणांना मारून टाकलं. त्यातले बहुतेक आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्या बायका-पोरांची पालं पिंपळनेरजवळ होती. ही माणसं काय करत होती? तीच पोरांच्या स्टेटसवरची गोष्ट. परक्या मुलखात, उघड्यावर, कापडाखाली चार रात्री काढत होती. फरक एवढाच की त्यांच्या कापडावर कंपनीचं नाव नव्हतं.

वनहक्क कायदा, २००६ च्या तिसऱ्या कलमात भटक्या पशुपालकांचा चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क लिहून ठेवला आहे. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आपल्याकडचा धनगर भटक्या जमाती (क) मध्ये. वर्षाला वीस गावं फिरणाऱ्यानं एका जागचा पाऊणशे वर्षांचा पुरावा कुठून आणायचा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मुक्कामाचा हक्क सगळ्यांना, आणि नियमही सगळ्यांना सारखे. आपल्या नगरपरिषदेनं शिवारातली एक जागा, आणि कुरनूर धरणाच्या बाजूला परवानगी मिळाली तर दुसरी, "मुक्कामाची जागा" म्हणून जाहीर करावी. फुकट. मोठा खर्च नाही. पाण्याचा एक नळ, जनावरांना हौद, दोन संडास, विस्तवासाठी दगडांनी बांधलेला खड्डा आणि एक फलक, मराठीत आणि कन्नडमध्ये. येणाऱ्यानं नाव आणि मोबाईल नंबर नोंदवायचा. तंबूवाल्याला तीन रात्री, वाड्याला जनावरांच्या हिशेबानं जास्त. पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब राहायचं. स्पीकर नाही, काच नाही, ओलं झाड तोडायचं नाही, जाताना कचरा उचलून न्यायचा. नियम मोडला तर दंड, मग तो घोडीवरून आलेला असो की मोठ्या गाडीतून.

नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. रात्री बाहेरची माणसं दिसली आणि अफवा उठली, तर एका फोनवर कळेल की ही कोण आहेत. राईनपाड्यात अशी नोंद असती तर काय झालं असतं, ते मी सांगू शकत नाही. पण आपल्या गावात तसं काही घडायच्या आधी एक वही ठेवणं फार महाग नाही.

आणि पोरांनो, तुमचं उत्तर. आपल्याकडं डोंगर नाही, पण माळ आहे, आणि डिसेंबरात माळावर जेवढं आभाळ दिसतं तेवढं दरीत बसून दिसत नाही. जागा जाहीर होईपर्यंत ओळखीच्या शेतकऱ्याला विचारा, "दोन रात्री तुमच्या रानात राहू का?" खेड्यात जात असाल तर पोलिस पाटलांच्या कानावर घाला. वनखात्याच्या चराच्या आत जाऊ नका. रात्री पाण्यात उतरू नका. बॅटरी जवळ ठेवा, बूट घालण्याआधी झटकून बघा. आणि जवळ एखादा वाडा उतरलेला दिसला तर जाऊन बसा. विस्तव कसा करायचा आणि तो पुरता कसा विझवायचा, ते त्यांच्याइतकं कुठलाही व्हिडिओ शिकवत नाही.

नगरपरिषदेला द्यायचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. सोमवारी सकाळी अकरा वाजता देणार. त्याच्या आधी ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी बाजारपेठेत भेटा. तंबूवाले या, शेतकरी या. आणि वाड्यावरच्या कुणाची ओळख असेल तर त्यांना आधी घेऊन या.