दूरच्या लढाया, जवळच्या चाळी

मुंबई पाहायला आलेल्या पाहुण्याला आपण काय काय दाखवतो? गेटवे, म्हातारीचा बूट, राणीचा बाग आणि पाहुणा अगदीच जवळचा असेल तर चौपाटीवरची भेळ. इतिहास पाहायचा म्हटले की आपण बोरघाट चढतो. सिंहगड, रायगड, फार तर वसईचा किल्ला गाठतो. लढाया झाल्या त्या तिकडे, आपल्या वाट्याला नोकरी आणि लोकल, अशी मुंबईकराची प्रामाणिक समजूत असते.

पण वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस मोकळा मिळाला तर पायात जुन्या वहाणा घालून गिरगावातून निघा आणि संध्याकाळपर्यंत दादर गाठा. आठ-नऊ किलोमीटरचा हा पट्टा. येथे तट नाही, बुरूज नाही, तोफ नाही. तरीही जगात कोठे युद्ध पेटले, साथ आली, राज्य डळमळले की त्याचे पडसाद येथल्या जिन्यांवर आणि मोऱ्यांपर्यंत पोहोचले. आज ज्याला आपण ‘आपली संस्कृती’ म्हणतो, त्यातला बराच भाग अशा उलथापालथींनी मागे ठेवलेला गाळ आहे. त्या गाळात येथल्या माणसांनी पीक काढले, हे त्यांचे कर्तृत्व.

सुरुवात खाडिलकर रस्त्यावरच्या केशवजी नाईकांच्या चाळीपासून करावी. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला तो येथे, १८९३ साली. १९०१ मध्ये लोकमान्य टिळक येथे आले होते. मूर्ती अजून लहानच असते आणि मिरवणूक पालखीतून निघते. हे सारे पाहून मन प्रसन्न होते. पण ते साल काही प्रसन्न नव्हते. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली होती. वर परके सरकार आणि खाली फुटलेला समाज, अशा वेळी लोकांना एकत्र आणण्याची निकड पुढाऱ्यांना वाटली. देवघरातला गणपती अंगणात आला तो या अस्वस्थतेतून. त्याच्यासमोर मग व्याख्याने झाली, मेळे झाले, नाटके झाली. भीतीने एकत्र आलेली माणसे पुढे हौसेने एकत्र येऊ लागली.

आता जरा चाळीचा जिना चढा. लाकडी कठडा, समोर लांबच लांब गॅलरी, दारात पायपुसणे आणि दार उघडे. एकाच खोलीत तीन पिढ्या नांदलेली बिऱ्हाडे येथे सापडतात. या शेजारधर्माचे आपण फार कौतुक करतो. परंतु तो इतका टिकला, यात दुसऱ्या महायुद्धाचा हात आहे असे म्हटले तर? युद्ध आले तशी मुंबईत माणसांची रीघ लागली, जागा मिळेनाशी झाली, भाडी कडाडण्याची चिन्हे दिसू लागली. म्हणून सरकारने भाड्यांना वेसण घातली आणि १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे हेच प्रमाण मानले. युद्ध संपले, इंग्रज गेला, पण गोठलेले भाडे गोठलेलेच राहिले. भाडेकरूने जागा सोडली नाही आणि मालकाने जिना दुरुस्त केला नाही! खोली म्हणजे वडिलोपार्जित इस्टेट झाली, ‘पगडी’ हा शब्द डोक्यावरून उतरून खोलीवर चढला आणि शेजारच्या काकू आजी होईपर्यंत शेजारीच राहिल्या. चाळीतला जिव्हाळा खराच; पण त्या जिव्हाळ्याच्या भिंती युद्धकाळातल्या एका तरतुदीवर उभ्या होत्या आणि त्याच तरतुदीपायी त्यांना टेकूही लागले.

घरातले रेशनकार्डही त्याच युद्धाचे अपत्य. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले. धान्यासाठी काढलेले ते कार्ड पुढे माणसाच्या अस्तित्वाचाच पुरावा होऊन बसले. शाळेत नाव घालायचे असो की गॅस घ्यायचा असो, आधी ते पुढे करायचे. युद्ध दारातून गेले तरी कपाटात राहिले, ते असे.

प्रार्थना समाजाच्या नाक्यावरून आता पूर्वेकडे वळावे. हा सरदार वल्लभभाई पटेल रस्ता. जुनी माणसे अजून त्याला सँडहर्स्ट रोड म्हणतात. आजूबाजूच्या गल्ल्या चिंचोळ्या आणि हा मात्र ऐसपैस कसा? तर हा प्लेगने पाडलेला रस्ता आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत पहिले रुग्ण सापडले आणि पाहता पाहता लाखो माणसे शहर सोडून पळाली. अंधाऱ्या, कोंदट वस्तीत साथ फोफावते म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्ती तोडून, समुद्राचा वारा आत यावा म्हणून रुंद रस्ते काढले. नाव दिले त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांचे. ज्यांची घरे पाडली त्या साऱ्यांना नवी मिळाली नाहीत. पुष्कळजण शेजारच्या वस्तीत आणखी दाटीने राहू लागले. सत्तेला रोग दिसतो, रोगी दिसेलच असे नाही.

या रस्त्याच्या शेवटी त्याच नावाचे स्टेशन आहे. तेथून गाडी पकडली की भायखळा, चिंचपोकळी, करी रोड. एके काळी या खिडकीतून गिरण्यांच्या धुराड्यांचे रान दिसे. पहिली गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला १८५४ मध्ये काढली, पण मुंबईला कापसाचे वेड लावले ते अमेरिकेने. १८६१ मध्ये तिकडे यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेचा कापूस लँकेशायरला पोहोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की काय करावे कळेना! समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर सट्टा चालला. १८६५ मध्ये तिकडे शांतता झाली आणि इकडे दिवाळी निघाली. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. १८७२ च्या गणतीत ती ६,४४,४०५ भरली. गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकन माणूस लढत होता आणि त्या लढाईने आपली माणसे येथे येत होती, जात होती. तिची त्यांना धड वार्ताही नसेल.

पुढच्या काळात गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसांचा लोंढा आला तो लालबाग-परळात स्थिरावला. करी रोडला उतरून भारतमाता सिनेमाकडे चालत जा. मसाल्याचा खमंग वास येईल, चिवड्याच्या दुकानांपुढे दिवाळीची गर्दी असेल. पुरुष एकटेच येत, एका गाळ्यात दहा-पंधराजण पाळीपाळीने झोपत. त्यांच्या जेवणाची सोय खाणावळवाल्या बायांनी केली. युद्धाच्या काळात कापडाची मागणी वाढून गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या, तशा चुलीही तीन पाळ्यांत पेटू लागल्या. या बायांचे हिशेब सावकाराच्या वहीत अडकलेले असत. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. प्रेमाताई मूळच्या गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या. एका लढ्यात घडलेले माणूस दुसऱ्या लढ्याला कसे उपयोगी पडते, त्याचे हे उदाहरण.

लालबाग नुसता राबला नाही, बोललाही. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. या संपाची दखल लेनिननेही घेतली. १९२८ चा संप तर सुमारे सहा महिने चालला. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले आणि तमाशाच्या फडात महागाई, युद्ध, काळाबाजार हे विषय आणले. गिरणी कामगाराने वाढवलेला एक अनाथ मुलगा, नारायण सुर्वे, मराठी कवितेत आपले विद्यापीठ घेऊन आला. दरबारी आश्रय नसलेली ही कला. डफ, चौक आणि संपाची सभा एवढाच तिचा आश्रय.

परळला पोहोचलात की हाफकिन संस्थेची इमारत जरूर पाहा. हे एके काळी गव्हर्नरांचे निवासस्थान होते. साहेबाने मलबार हिलवर मुक्काम हलवला आणि १८९९ मध्ये या वास्तूत प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा आली. ज्या डॉक्टर हाफकिन यांचे नाव तिला मिळाले, त्यांनी १८९७ च्या जानेवारीत ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. जवळच के.ई.एम. रुग्णालय, १९२६ चे. त्याच्या मेडिकल कॉलेजला देणगी देणाऱ्यांनी अट घातली होती की येथे हिंदी डॉक्टरांनाच नेमावे. नाव बादशहाचे आणि अट स्वाभिमानाची!

याच परळने रक्तही पाहिले. १९४६ च्या फेब्रुवारीत नौदलातल्या खलाशांनी बंड केले, त्यांना पाठिंबा म्हणून कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबारात शहरात दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत परळच्या कार्यकर्त्या कमल दोंदे होत्या. दहा वर्षांनी, १९५६ च्या जानेवारीत, पुन्हा गोळ्या सुटल्या. तेव्हा इंग्रज नव्हता, राज्य आपलेच होते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या लढ्यात गिरगाव, लालबाग, परळ एकाच आवाजात बोलले. चाळीतला कारकून आणि गाळ्यातला कामगार खांद्याला खांदा लावून उभे राहिले, असे प्रसंग आपल्या समाजात फार थोडे.

परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत एक विद्वान राहत होते. ती चाळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची, म्हणजे प्लेगचीच देणगी. विद्वानाचे नाव डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. पुढे ते दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधून राहायला गेले, ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. ही हिंदू कॉलनीही त्याच ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेतून वसली. झाडांच्या सावलीतले रस्ते आणि हवेशीर ब्लॉक पाहून गिरगावच्या पुष्कळ मध्यमवर्गीयांनी इकडे बिऱ्हाड हलवले. चाळीची संस्कृती ब्लॉकमध्ये आली, तेव्हा दाराला प्रथम कडी लागली.

दादर स्टेशनवरून शिवाजी पार्ककडे जाताना प्लाझा सिनेमा लागतो. १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत तोही होता. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत शहर दंगलीत होरपळले होते. १८९३ आणि १९९३, बरोबर शंभर वर्षांचे अंतर. पण या वेळी एकत्र आणणारा उत्सव जन्मला नाही. कितीतरी कुटुंबे मिश्र वस्ती सोडून आपापल्या माणसांत राहायला गेली. तेही एक सांस्कृतिक वळणच. फक्त त्याची मिरवणूक निघत नाही.

शिवाजी पार्कचे मैदान १९२५ चे, नाव १९२७ चे. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजी येथे बोलायचे होते. पहाटेच त्यांना पकडले. त्यांच्या जागी बोलायला निघालेल्या कस्तुरबांनाही अटक झाली. महाराष्ट्र राज्याच्या जन्माचा सोहळा १९६० मध्ये याच मैदानावर झाला. आणि मैदानामागे समुद्राकाठी चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांवर येथे अंत्यसंस्कार झाले. दर ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून लाखो माणसे येतात आणि परतताना पिशवीत पुस्तके घेऊन जातात. तीर्थाहून ग्रंथ नेण्याची ही रीत एका समाजाच्या जागृतीने महाराष्ट्राला दिली.

आता उरला तो आपल्या दाराशी आलेला प्रश्न. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप केला. तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्याच मिटत गेल्या आणि त्यांच्या जागी मॉल व मनोरे आले. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्याही पडताहेत. २०२५ च्या ऑगस्टात वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षे सामाईक संडासापुढे रांग लावलेल्या माणसांना, तुम्ही आमच्या संस्कृतीसाठी तेथेच राहा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यांच्या आनंदात आपणही पेढा खावा.

परंतु एक हिशेब विसरू नये. अमेरिकेच्या युद्धाने, प्लेगने, दोन महायुद्धांनी माणसे एकमेकांवर आदळली आणि त्या गर्दीतून येथे खाणावळ, मेळा, कलापथक, वाचनालय निघाले, कारण गॅलरी सर्वांची होती. आताची उलथापालथ पैशाची आहे; तिच्यात गोळी सुटत नाही, घंटा वाजत नाही, फक्त लिफ्टचे दार मिटते. नव्या इमारतीच्या नकाशात गाड्यांना जागा ठेवलेली असते. गणपतीला, पुस्तकांना आणि संध्याकाळी टेकून बोलण्याला किती ठेवली आहे, हे सही करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने एकदा विचारून घ्यावे. यापूर्वीची संकटे आपल्याला विचारून आली नव्हती. हा नकाशा मात्र आपल्या सहीसाठी थांबलेला असतो.