ओली घडी

“आत ये,” चाचा म्हणाले आणि स्वतः वाकून ताडपत्रीखाली शिरले.

२०२३ च्या डिसेंबरातला पहिला आठवडा, सकाळचे अकरा वाजलेले. हिंगणघाटातलं त्यांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान म्हणजे एक टपरी, पायानं चालणारं दणकट शिवणयंत्र आणि समोर पसरायला मिळेल तेवढी जमीन. माझ्या निळ्या ताडपत्रीचं एक टोक त्यांनी पिकअपच्या फाळक्याला बांधलं होतं, दुसरं दोन पोरांच्या हाती दिलं होतं. आत निळसर अंधार, सरकीचा आणि कुबट ओलीचा वास. “आता वर पाह्य.”

वर चांदण्या होत्या. शेकडो. पण आभाळातल्यासारख्या विखुरलेल्या नव्हत्या. एक ओळ लांबीला, तिला छेदून तीन ओळी आडव्या, आणि दोन ओळी जिथं एकमेकींना भेटत होत्या तिथं करंगळी जाईल एवढं भोक. मी म्हटलं, पऱ्हाटीच्या काड्या टोचल्या असतील, नाहीतर उंदीर.

“उंदीर का फूटपट्टी लावून कुरतडते, बाप्पा?” चाचा म्हणाले. “ह्या तुह्या घड्या हायेत. रोज एकाच जागी मोडली, ओलीच्या ओली कोंबली. हे रस्त्यावर नाही फाटली, घरी फाटली.”

मी गिरडकडचा. पाच एकर कोरडवाहू, त्यात भागत नाही म्हणून जुनी पिकअप घेतली आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत गावातला कापूस समुद्रपूर, जाम करत हिंगणघाटच्या बाजारात नेतो. कापूस वजनाला हलका पण फुगीर. हौद्याच्या दोन्ही बाजूंना बल्ल्या उभ्या करायच्या, जाळी बांधायची, दोन माणसं आत उतरवून पायानं तुडवून घ्यायचा, तेव्हा कुठं चौदा-पंधरा क्विंटल बसतो. ढीग केबिनच्या टपाच्याही वर जातो. त्यावर ताडपत्री ओढून दोर आवळले की गाडी गाभण गाईसारखी दिसते. इंजिन ऑइल, टायर, ब्रेक यांची मी देवासारखी काळजी घ्यायचो. ताडपत्रीची? बाजारातून परतलो की पाचुंदा बांधावा तशी गोळा करायची आणि सीटमागं कोंबायची.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी आला आणि त्यानं दोन-तीन दिवसांत साऱ्या विदर्भाला झोडपलं. शेजारच्या भाऊंचा कापूस मी भरला होता. दुसऱ्या वेचणीचा, निवडून घेतलेला, पांढराशुभ्र. ते म्हणाले, आभाळ भरून आलं आहे, उद्या जाऊ. मीच म्हटलं, “ताडपत्री हाय नं भाऊ, काऊन घाबरता?” जामच्या चौकात पावसानं गाठलं. मी काच वर करून बसलो, भाऊ बाजूला तंबाखू मळत. आम्ही कोरडे होतो.

यार्डात ताडपत्री सोडली तेव्हा ढिगावर ओलीचे पट्टे उमटले होते. लांबीला एक, आडवे तीन. तेव्हा त्यांचा अर्थ मला लागला नाही. ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं, आकडा १४ च्या पुढं गेला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,०२० रुपये होता. पण सरकारी खरेदीत पूर्ण भाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत, त्यापुढं टक्क्यागणिक कपात आणि १२ च्या वर गेलं की माल घेतच नाहीत. म्हणजे राहिला खासगी बोलीचा रस्ता. तिथं क्विंटलमागं चारशे रुपयांची कटती बसली. पंधरा क्विंटलचे सहा हजार. माल दुसऱ्याचा, ताडपत्री माझी. भाऊ काही बोलले नाहीत, हेच वाईट. मी भाडं घेतलं नाही, तरी पुढचा आठवडाभर त्यांच्या अंगणासमोरून जाताना मान आपोआप खाली जायची.

तेवढ्यावरही भागलं नाही. गाडी जिनिंगमध्ये खाली करताना, कापसातला कचरा वेचणाऱ्या बायांपैकी एकीनं ढिगातून काहीतरी उचललं आणि माझ्यासमोर धरलं. बोटभर लांबीचा चपटा निळा धागा. “भाऊ, हे तुमचं काय?” ताडपत्रीच्या काठाची पाती सुटत होती, दोर आवळताना तुटून कापसात पडत होती. त्या बाईनं उभ्या-उभ्या जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. काडी, पालापाचोळा मशिनीत बराचसा झडतो. प्लास्टिकचा धागा मात्र रुईत गुंतून राहतो, रोलरखाली तुटून बारीक होतो, गाठीत जातो, गाठीतून सुतात, सुतातून कापडात. कापडाला रंग दिला की साऱ्या कापडावर रंग चढतो आणि त्या धाग्यावर चढत नाही. तिथं डाग दिसतो. कापडवाला सूतगिरणीला बोलतो, गिरणी जिनिंगवाल्याला, आणि जिनिंगवाला या बायांना. तिनं तो धागा पदराच्या गाठीत ठेवला. दिवसभरात असे किती निघाले ते संध्याकाळी दाखवावं लागतं म्हणे.

तर त्या ‘चांदण्यां’खाली उभं राहून मी चाचांना विचारलं, चिकटवता येईल का? पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन लावून पाहिलं होतं, सकाळी ठिगळ सुकलेल्या पापडासारखं सुटून आलं. चाचा हसले. या निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचं विणकाम आणि त्यावर दोन्हीकडून पातळ थर. हे प्लास्टिक असं की त्याला कुठलाच डिंक नीट धरत नाही. एखादं भोक असेल तर आतून-बाहेरून ठिगळ ठेवून, ठिगळ आणि इस्त्रीच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घेऊन गरम इस्त्री फिरवायची, वितळून बसतं. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, चौकोनी कोपरा वाऱ्यानं उचलला जातो. पण घडीवरचा थर तडकला की तिथून उन्हाचं काम सुरू होतं आणि ती ओळच्या ओळ जाते. “आता हिला उकिरड्यावर टाक, नाहीतर गोठ्यावर. कापसावर टाकू नको.”

मग मला बाबांची ताडपत्री आठवली. खाकी, सुती, जाड. बाबा बंडीनं हिंगणघाटला कापूस न्यायचे तेव्हाची. माळ्यावर पडून होती. मोठ्या हौसेनं खाली काढली, ड्रमात पाणी भरलं, धुण्याची पावडर टाकली आणि दगडावर घासून घासून अशी धुतली की आई म्हणाली, नवऱ्याचं धोतरही इतकं पांढरं केलं नव्हतं मी. वाळल्यावर चांगली दिसत होती. प्रयोग म्हणून अंगणात दोरीवर टांगून वरून बादलीभर पाणी ओतलं, तर गोधडी पाणी पिते तशी प्यायली.

चाचांनी ती हातात घेतली, वास घेतला आणि कपाळावर हात मारला. सुती ताडपत्रीचं सारं बळ तिच्या मेणात असतं, आणि मी ते साबणानं खरवडून नाल्यात सोडलं होतं. शिवाय साबणाचा अंश धाग्यात राहिला की तो पाण्याला उलट आत बोलावतो. अशी ताडपत्री कोरडी असताना नुसती झाडायची, मऊ ब्रशनं माती काढायची, फार तर साधं पाणी मारायचं. पाऊस लागला की सुताचे धागे फुगतात आणि मधली छिद्रं आपोआप मिटतात. मला एकदम लहानपणचा पाऊस आठवला. बंडीत कापसावर, त्याच ताडपत्रीखाली मी पालथा पडलेलो, वर टपटप, आणि मी आतून बोट लावायचो. बोट लावलं तिथूनच थेंब गळायला लागायचा. बाबा पुढून ओरडायचे, “आतून हात लावू नको रे!” ते का ओरडायचे हे मला चाळिसाव्या वर्षी ताडपत्रीवाल्याच्या टपरीत कळलं. चाचांनी मेणाची वडी दिली. दोन दुपारी बसून ती साऱ्या कापडावर घासली, वरून कोमट इस्त्री फिरवली. पहिल्यासारखी नाही झाली. पण तुरीच्या गंजीवर अजून टिकून आहे.

गाडीसाठी मग पीव्हीसीची घेतली, सहा हजारांच्या वरच गेली. म्हणजे भाऊंच्या कापसात जेवढे गेले त्याहून थोडे जास्त. दुकानदार जीएसएम, जीएसएम करत होता. एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. आकडा वाढला की ताडपत्री जड आणि टिकाऊ, आणि माझा खिसा तेवढा हलका.

हिला मात्र मी सांभाळायला शिकलो. दोर जिथं हुकाला आणि बल्लीच्या टोकाला घासतो तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. दोर कुठं ढिला राहू द्यायचा नाही. जामच्या हायवेवर साठच्या वेगानं फडफडणारं एक टोक तासाभरात पावसापेक्षा जास्त नुकसान करतं. लोखंडी रिंगा गंजायला लागल्या की गंज भोवतालचं कापड खातो, म्हणून त्या पितळेच्या बसवून घेतल्या. घडी दर वेळी वेगळ्या जागी. शक्य असेल तेव्हा घडीच नाही, सरळ बांबूवर गुंडाळायची. आणि सरकीचा एक दाणाही आत राहू द्यायचा नाही, कारण चाचांचा उंदीर फूटपट्टी वापरत नसला तरी सरकी त्याला आवडते.

मोठी धुलाई उन्हाळ्यात. कापसाचा हंगाम सरलेला असतो आणि मधल्या महिन्यांत गाडीनं काय काय वाहिलेलं असतं: युरिया, तूर, चणा, कोणाच्या लग्नाचे मंडपाचे बांबू आणि वायगावची हळद. आमच्याच समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव, त्याच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. गाववाल्यांना त्याचा अभिमान असणारच, माझ्या ताडपत्रीला ती हळद चांगलीच लागली. पोती शिवलेली असली तरी भुकटी झिरपतेच. पहिल्या वर्षी कपड्याचा साबण लावला तर पिवळा डाग लालभडक झाला. मी घाबरलो, आई म्हणाली, “त्यात काय, हळदीत चुना घातला की कुंकू होते ते विसरला काय?” साबणातला क्षारच तो. नुसत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाकली, तर दोन दिवसांत डाग विटला, चौथ्या दिवशी शोधावा लागला. हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही. डांबराच्या ठिपक्यांना एका ड्रायव्हरनं पेट्रोल सुचवलं होतं. पीव्हीसीला पेट्रोल, रॉकेल, थिनर म्हणजे विष, वरचा थर मऊ पडून चिकट होतो. थोडं खाण्याचं तेल चोळून लगेच सौम्य साबणाच्या पाण्यानं पुसलं की काम होतं.

इथं ऊन दोन तोंडांनी बोलतं. मेमध्ये वर्ध्याकडचा पारा ४५ च्या आसपास खेळत असतो, ताडपत्री तासाभरात कडकडीत वाळते, बुरशीचे काळे ठिपके मरतात. आणि तेच ऊन तिला रोज थोडं थोडं खातंही. म्हणून दोन्ही बाजू वाळल्या की उचलायची, आठ-आठ दिवस पसरून ठेवायची नाही. हळदीच्या डागासाठी टाकलेले ते चार दिवस मला जास्तच वाटले होते.

पण वाळलेली, स्वच्छ, अठरा फूट लांब ताडपत्री उन्हाळ्यात अंगणात पसरलेली आहे हे गावात लपत नाही. मागल्या वर्षी अकरा वाजेपर्यंत दोन काकू कुरडयांची परात घेऊन हजर. “आज चीक शिजवला, तुमची ताडपत्री मोकळीच हाय नं?” मी नको म्हटलं. यावरून युरिया गेला, फवारणीच्या औषधांचे खोके गेले. कितीही धुतली तरी खायची वस्तू हिच्यावर नको. त्यांना ते पटलं नाही. ज्या माणसानं एका धुलाईला पाच बादल्या पाणी घालवलं तोच घाण आहे म्हणतो, हे कसं पटावं? आईनं माझी बाजू घेतली नाही. तिनं माळ्यावरून स्वतःची जुनी सुती साडी काढून दिली आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, “देल्ली असती तं काय झिजली असती?”

संध्याकाळी मी गुंडाळायला बसलो. हातानं चाचपून पाहिली, कोरडी वाटली. बांबू ठेवला, पहिला वेढा घेतला. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती उठली, काठाची दुपदरी शिवण उचलून तिनं गालाला लावली. तान्ह्याचं दुपटं वाळलं की नाही ते बाया पाहतात, तशी.

“ओली हाय अजून,” ती म्हणाली.

मी वेढा उलगडला.