तीन फुटांचे गाव

गोंदिया हे नाव उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण गाव म्हणून नव्हे, गाडीच्या डब्यावरच्या पाटीतला दुसरा शब्द म्हणून. 'कोल्हापूर–गोंदिया'! मिरज, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा, नागपूर अशी गावे घेत महाराष्ट्र एक्सप्रेस साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास धावते, आणि एवढे धावूनही राज्याची हद्द काही ओलांडीत नाही. मुंबईहून निघणारी विदर्भ एक्सप्रेसही तिथेच विसावते. पुण्यात आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी मला अगदी गंभीरपणे विचारले होते, "काय हो, गोंदियाला रूळ संपतात का?"

रूळ संपत नाहीत. ते पुढे आमगाव, सालेकसा, दरेकसा करीत डोंगरात शिरतात, बोगद्यातून पलीकडे निघतात आणि छत्तीसगडातून थेट हावड्याला जातात. संपतो तो आपला महाराष्ट्र. पण तेवढ्यावर गोंदियाची गोष्ट होत नाही. चार दिशांचे रूळ जिथे एकत्र येतात ते हे जंक्शन आहे, आणि ते नीट समजून घ्यायचे तर फलाटावर उभे न राहता पुलावर चढावे. खाली पाहिले की मधोमध पूर्व-पश्चिम जाणारी हावडा–मुंबई लाईन दिसते. बालाघाट-जबलपूरची वाट उत्तरेची, वडसा-नागभीड-चंद्रपूरची दक्षिणेची. रुळांच्या एका अंगाला बाजाराचे गाव आणि दुसऱ्या अंगाला रेलटोली. वस्तीच्या नावातसुद्धा रेल्वे आहे, मग वेगळा इतिहास सांगायला कशाला हवा?

तरी थोडा सांगतो. मुंबईची गाडी नागपूरला 1867 साली पोहोचली आणि बरीच वर्षे तिथेच थांबली. पुढे छत्तीसगडचे धान्य बाहेर काढायचे म्हणून 1880 ते 1882 या काळात नागपुराहून राजनांदगावापर्यंत रूळ पडले, ते मीटर गेजचे. 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने ही लाईन घेतली, 1888 च्या सुमारास रुंद केली आणि पूर्वेकडे वाढवीत नेली. 1900 साली हावड्याशी थेट संबंध जुळला. तेव्हापासून रेल्वेच्या दृष्टीने गोंदिया मुंबईचे कधी नव्हतेच. 1944 साली कंपनी सरकारजमा झाली तरी कारभार कलकत्त्याकडेच राहिला आणि 2003 पासून तो बिलासपूरकडे आहे. जिल्हा म्हणून गोंदिया भंडाऱ्यापासून वेगळा झाला तो 1 मे 1999 रोजी. म्हणजे कलेक्टरसाहेबांच्या आधी शंभराहून अधिक वर्षे इथे स्टेशनमास्तर होते!

खरी गंमत त्यानंतरची. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्यप्रांत पोळून निघाला होता. आडरानात धान्य न्यायचे तर रूळ हवेत, पण सातपुड्याच्या चढणीवर रुंद रूळ टाकणे म्हणजे पैशाचा चुराडा. म्हणून अरुंद रूळ आले. स्वस्तही आणि वळणाला हलकेही. 1903 पासून गोंदियाहून ते उत्तरेकडे निघाले, नैनपूर घेऊन 1905 साली जबलपूरला पोहोचले. 1908 साली दक्षिणेला नागभीडपर्यंत आणि 1913 साली चांद्यापर्यंत दुसरी शाखा झाली. आमच्याकडे तिला 'छोटी लाईन' म्हणत.

मोठ्या लाईनच्या दोन रुळांत अंतर साडेपाच फूट, छोटीच्या रुळांत अडीच फूट. फरक बरोबर तीन फुटांचा. पण हे तीन फूट चाकाला ओलांडता येत नाहीत, माणसाच्या पाठीलाच ओलांडावे लागतात. बालाघाटकडचे मँगनीज असो, जंगलातला बांबू असो, तेंदूपाने असोत की धानाची पोती, एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवल्याशिवाय पुढे जायची सोय नव्हती. उतरवायला हमाल हवेत, ठेवायला वखारी हव्यात, हिशेबाला मुनीम हवेत, मुनिमांना रात्री झोपायला धर्मशाळा हवी. धान इथवर आलेच आहे तर इथेच भरडावे म्हणून गिरण्या आल्या. तेंदूपान आलेच आहे तर विड्यांचे कारखाने आले. गावाचे नाव डिंकावरून, म्हणजे हिंदीतल्या 'गोंद'वरून पडले असे सांगतात. असेलही, पण गावाचे पोट भरले ते या तीन फुटांनी.

माझे आजोळ वडशाचे आणि वडील नोकरीला तुमसरला. त्यामुळे मे महिन्यात गोंदिया चुकत नसे. तुमसर सोडले की वैनगंगेचा पूल येई, आई मुलांच्या हातात पैसे देई आणि ते नदीत पडण्याऐवजी हटकून पुलाच्या लोखंडावर आपटत. गोंदियाला उतरलो की ट्रंक, वळकटी, सुरई आणि आम्ही चार भावंडे हे सगळे आई एकत्रच मोजी. मग पूल चढून, पूल उतरून छोट्या गाडीच्या फलाटावर जायचे आणि बसून राहायचे. तास, दोन तास, कधी तीन. त्या मुक्कामात आलूबोंडा मिळे. शेजारी बालाघाटच्या बायका पोवारीत बोलत, हमाल हिंदीत भांडत आणि कुणी छत्तीसगडी मजूर कुटुंब भाकरतुकडा सोडून निवांत बसलेले असे. इतकी माणसे एकमेकांशेजारी बसत ती केवळ गाडी बदलायची म्हणून. गाडी एकदाची निघाली की सौंदड, देवलगाव, अर्जुनी अशी जंगलातून डुलत जाई.

1999 पर्यंत चांद्याची छोटी लाईन मोठी झाली. बालाघाटचा तुकडा त्यानंतर काही वर्षांनी झाला. सातपुड्यातली छोटी गाडी 2015 साली थांबली आणि 2020-21 पर्यंत तिथेही रुंद रूळ जबलपूरला भिडले. आता जबलपूरकडून दक्षिणेला जाणारी गाडी इटारसीचा वळसा न घेता बालाघाट, गोंदिया, वडसा, बल्लारपूर अशी खाली उतरू शकते. देशाच्या नकाशावर गोंदियाचे महत्त्व वाढले आहे यात शंका नाही. पण ज्याला जबलपूरहून बल्लारपूरला जायचे आहे त्याला आता इथे उतरण्याचे कारण उरलेले नाही. गाडी थांबते, चहावाला खिडकीशी येतो, कप हातात पडेपर्यंत गाडी हलते.

हे सगळे मी मामांपाशी फार हळहळून बोललो होतो. मामा वडशाला धानाची शेती करीत. त्यांनी ऐकून घेतले, अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "भाचेबुवा, तुम्ही सुट्टीत येत होता. आम्ही बाळंतीण बाई घेऊन त्या फलाटावर रात्र काढलेली आहे."

यावर मी काही बोललो नाही.

छोट्या लाईनची इंजिने आणि डबे पाहायचे असतील तर नागपूरला मोतीबागेत 2002 पासून त्यांचे संग्रहालय आहे. मुलांना अवश्य न्यावे. गोंदियाला मात्र विदर्भ एक्सप्रेसने सकाळी उतरावे आणि घाई न करता पुलावर जावे. मधल्या लाईनवरून कोळशाच्या मालगाड्या जात असतात. एखादीचे डबे मोजायला लागलात तर अर्ध्यावर आकडा चुकतो, तोवर बालाघाटकडची गाडी येऊन उभी राहते.